युद्धकैद्याला मारहाण झाली, तर चौकशी शिपायापाशीच का थांबते?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हात बांधून गुडघ्यांवर बसवलेल्या युद्धकैद्यांच्या चित्रफिती आता प्रत्येक लढाईत मोबाईलवर फिरतात आणि आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातही त्यावर वाद झडतो. एक बाजू म्हणते, त्या शिपायाला भर चौकात शिक्षा द्या. दुसरी म्हणते, लढाईत एवढे चालायचेच, घरी बसून बोलणाऱ्यांनी शहाणपण शिकवू नये. दोन्ही बाजू त्या एका शिपायाभोवतीच घुटमळतात. कैदी त्याच्या ताब्यात किती तास होता, ताबा कोणी कोणाला दिला, डॉक्टरने काय पाहिले, रात्री पहाऱ्यावर अधिकारी कोण होता, हे प्रश्न कोणी विचारत नाही. कायदा मात्र नेमके हेच विचारतो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

गोव्याच्या वाचकाला उदाहरणासाठी दूर जायला नको. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक भारताचे युद्धकैदी झाले. नावेली, आग्वाद, फोंडा अशा त्यांच्याच जुन्या तळांवर त्यांना ठेवण्यात आले. जानेवारी १९६२ पर्यंत बहुतेकांना फोंड्याच्या छावणीत हलवले आणि मे महिन्यात त्यांची परतपाठवणी सुरू झाली. त्यांच्यातले कॅप्टन कार्लोस आझेरेदो पुढे पोर्तुगालच्या सैन्यात जनरल झाले. त्यांनी नंतर सांगितलेली हकिगत अशी: मार्चमध्ये काही कैद्यांनी कचऱ्याच्या ट्रकातून पळून जाण्याचा प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना कोर्ट मार्शलची आणि गोळ्या घालण्याची धमकी देण्यात आली. फेरेरा द सिल्वा या जेझुइट पाद्रींनी मध्ये पडून ते प्रकरण निवळवले. मात्र छावणीच्या दुय्यम अधिकाऱ्याशी आझेरेदो यांची खडाजंगी झाली आणि त्या अधिकाऱ्याच्या हुकमावरून चार जवानांनी बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांना शुद्ध हरपेपर्यंत मारले. पुढे भारतीय लष्कराने त्या अधिकाऱ्याला जिनिव्हा करार मोडल्याबद्दल शिक्षा केली, हेही याच हकिगतीत आहे.

ही हकिगत कायद्यासमोर ठेवून पाहावी. युद्धकैद्यांविषयीच्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराची १४३ कलमे आहेत. भारताने हा करार नोव्हेंबर १९५० मध्येच मान्य केला होता. कलम ९२ नुसार पळून जाताना पकडलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि कलम ९३ नुसार त्याला मदत करणाऱ्या सोबत्यालाही तेवढीच. शिस्तभंगाची शिक्षा म्हणजे काय, तेही कलम ८९ आणि ९० मध्ये मोजून दिले आहे: निम्म्या पगाराचा दंड, जादा सवलती बंद करणे, रोज दोन तासांपर्यंत अंगमेहनत किंवा कोठडी, आणि यातले काहीही ३० दिवसांच्या वर नाही. अंगमेहनतीची शिक्षा अधिकाऱ्यांना देताच येत नाही. म्हणजे गोळ्या घालण्याची धमकी ही नुसती धमकी म्हणूनही बेकायदा होती. राहिली मारहाण. दस्ता मारणारे चौघे जबाबदार. हुकूम देणारा त्यांच्याइतकाच जबाबदार, आमच्या मते अधिक. छावणीचा मुख्य अधिकारी कलम ३९ खाली जबाबदार, कारण प्रत्येक छावणी नियमित सैन्यातल्या एका जबाबदार कमिशन्ड अधिकाऱ्याच्या हाती असली पाहिजे, कराराची प्रत त्याच्याजवळ असली पाहिजे आणि तिच्यातले नियम पहारेकऱ्यांना ठाऊक आहेत याची खात्री त्यानेच केली पाहिजे. आणि या सर्वांच्या वर भारत सरकार.

सरकार का, हे नीट समजून घ्यायला हवे. युद्धकैदी हा शत्रू सरकारच्या ताब्यात असतो, त्याला पकडणाऱ्या माणसाच्या किंवा पलटणीच्या नव्हे, हा नियम १८९९ च्या हेग नियमावलीतच आला आणि १९०७ च्या नियमावलीतही राहिला. १९४९ च्या कराराच्या कलम १२ ने तो पुढे नेला: व्यक्तींची जबाबदारी काय असेल ती असो, कैद्याला मिळणाऱ्या वागणुकीला ताबा ठेवणारे राष्ट्र जबाबदार. ‘तो एक माथेफिरू शिपाई होता’ असे म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत. तसेच ‘सरकार भरपाई देईल’ असे म्हणून शिपायालाही सुटता येत नाही. एक जबाबदारी राष्ट्राची, दुसरी फौजदारी गुन्ह्याची, आणि एक पार पडली म्हणून दुसरी संपत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. कैद्याला सर्वांत जास्त धोका असतो तो पकडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत. ज्या तुकडीने त्याला पकडले तिचे सोबती तासाभरापूर्वी त्याच्याच गोळीने पडलेले असू शकतात. म्हणून पहिला व्यवहारी नियम असा की पकडणाऱ्यांनी पहारा करायचा नाही. झडती घ्या, हत्यार आणि नकाशे काढून घ्या, अधिकारी, हवालदार-नायक आणि शिपाई वेगळे करा, आपसात बोलू देऊ नका, आणि होता होईल तितक्या लवकर मागे पाठवा. हेल्मेट आणि गॅस मास्क काढून घ्यायचा नाही, ते त्याच्या जिवाच्या रक्षणासाठी आहेत. त्याचे पैसे अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय घ्यायचे नाहीत, घेतले तर रक्कम आणि मालकाचे नाव खास वहीत नोंदवून सविस्तर पावती द्यायची. ती पावती ज्याने लिहिली त्याचे नाव, हुद्दा आणि तुकडी वाचता येईल अशा अक्षरांत हवी, हेसुद्धा कलम १८ सांगते. कैदी सांगायला बांधील आहे त्या गोष्टी चारच: नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैन्यातला क्रमांक. पुढचे विचारायला बंदी नाही. उत्तर दिले नाही म्हणून मारायला, धमकावायला किंवा इतरांपेक्षा वाईट वागवायला मात्र सक्त मनाई आहे.

यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ताब्याचा कागद. तुकडीकडून बटालियनकडे, तिथून ब्रिगेडच्या जमा केंद्राकडे, तिथून छावणीकडे असा कैदी किमान तीन-चार हातांतून जातो. प्रत्येक ठिकाणी वेळ घालून सही झाली पाहिजे आणि सहीच्या आधी अंगावरच्या जखमा पाहून लिहिल्या गेल्या पाहिजेत. ज्याने ‘सुस्थितीत मिळाला’ म्हणून सही केली, त्याच्यानंतरच्या प्रत्येक वळाचा जाब त्याला द्यावा लागेल. हे कळल्यावर ताबा घेणारा आपोआप बारकाईने बघतो, आणि आधीच्या हाताने काही केले असेल तर ते तिथेच उघडे पडते. कागद नसला की मग सुरू होते ‘आमच्याकडे आला तेव्हाच असा होता’. छावणीत पोहोचल्यावर आठवड्याच्या आत कैद्याने घरी आणि मध्यवर्ती माहिती संस्थेकडे आपण कैदेत असल्याचे कार्ड पाठवायचे, हा कलम ७० चा नियमही याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. ज्याचे नाव बाहेर गेले आहे, तो गुपचूप नाहीसा करता येत नाही. दरमहा वैद्यकीय तपासणी आणि वजनाची नोंद बंधनकारक आहे. शंभर कैद्यांचे वजन दोन महिन्यांत सरसकट घटले तर शिधा कुठे जातो ते विचारायला गुप्तहेर लागत नाही.

दुसरा धोक्याचा टप्पा चौकशीचा. चौकशी करणारे खाते वेगळे, पहारा देणारे वेगळे, आणि दोघांचे वरिष्ठ वेगळे असले पाहिजेत. चौकशीवाल्याने पहारेकऱ्याला ‘याला रात्रभर झोपू देऊ नका, सकाळी मऊ होईल’ असे सांगितले की दोन्ही जबाबदाऱ्या एकमेकींत मिसळतात आणि पुढे कोणीच जबाबदार राहत नाही.

ब्रिटिश सैन्याच्या बाबतीत हे २००३ मध्ये बसऱ्यात घडले. एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करणाऱ्या बहा मूसा या २६ वर्षांच्या इराकी नागरिकाला इतरांबरोबर १४ सप्टेंबरला पकडून पलटणीच्या तळावर आणले. १५ तारखेच्या रात्री तो मेला. अंगावर ९३ जखमा होत्या. साधारण ३६ तासांच्या ताब्यातले जवळपास २४ तास त्याच्या डोक्यावर टोपडे होते. कैद्यांना भिंतीशी ताटकळत उभे केले जाई, झोपू दिले जात नसे. एक कॉर्पोरल ओळीने एकेकाला ठोसे मारी आणि क्रमाने उमटणाऱ्या कण्हण्याला ‘कॉयर’ म्हणून पाहुण्यांना ऐकवी. पाहुणे म्हणजे तळावरचेच इतर सैनिक. ती खोली काही दूर रानात नव्हती, येता-जाता लोकांना आवाज येत होता. या सगळ्याला ब्रिटनमध्ये मनाई नव्हती असे नाही. टोपडे घालणे, भिंतीशी उभे करणे, सततचा गोंगाट, झोप आणि अन्नपाणी तोडणे या पाच प्रकारांवर उत्तर आयर्लंडमधल्या प्रकरणानंतर १९७२ मध्ये पंतप्रधान हीथ यांनी पार्लमेंटमध्येच बंदी जाहीर केली होती. तीस वर्षांत ती बंदी प्रशिक्षणाच्या पुस्तकांतून गळून गेली, आणि इराकमध्ये उतरलेल्या शिपायांना तसे काही असल्याचे कोणी शिकवलेच नव्हते. सर विल्यम गेज यांच्या चौकशी आयोगाने २०११ मध्ये संरक्षण खात्याच्या या विसरभोळेपणावर कडक ताशेरे ओढले. पलटणीचा कमांडिंग अधिकारी, डॉक्टर, इतकेच काय पाद्रीसुद्धा आयोगाच्या टीकेतून सुटले नाहीत. पण शिक्षा? कोर्ट मार्शलमध्ये त्या एका कॉर्पोरलला एक वर्ष, तेही त्याने स्वतः गुन्हा कबूल केला म्हणून. बाकी सहा जण सुटले, त्यांत कमांडिंग अधिकारी होता. डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले ते २०१२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी.

इराकमधल्या अबू घरेब या अमेरिकी लष्करी तुरुंगाची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून इथे एवढेच की मेजर जनरल तागुबा यांच्या अहवालात छायाचित्रांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी आहेत. सुमारे चार हजार कैद्यांसाठी आखलेल्या बटालियनवर सहा ते सात हजारांचा भार होता. पहारेकऱ्यांना जिनिव्हा कराराचे शिक्षण जवळजवळ नव्हते. नोव्हेंबर २००३ मध्ये तो तुरुंग गुप्तवार्ता ब्रिगेडच्या कमांडखाली दिला गेला आणि पहाऱ्यावरच्या लष्करी पोलिसांना नक्की कोणाचे ऐकायचे ते कळेनासे झाले. निकाल लागला तेव्हा पहारेकरी ग्रेनरला दहा वर्षे, स्टाफ सार्जंट फ्रेडरिकला आठ, लिंडी इंग्लंड या महिला शिपायाला तीन. तुरुंगात गेलेल्यांत स्टाफ सार्जंटच्या वरचा एकही जण नाही. ब्रिगेडियर जनरल कार्पिन्स्की यांचा हुद्दा घटवून कर्नल केला, गुप्तवार्ता ब्रिगेडच्या कर्नलला ठपका आणि आठ हजार डॉलर दंड. त्याच्याही वर, कोणत्या कैद्यांना जिनिव्हा करार लागू नाही हे फेब्रुवारी २००२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये कागदावर ठरवणाऱ्यांपर्यंत कोणतेही कोर्ट पोहोचले नाही. धाकटी पाती तेवढी कापली गेली.

वरच्यांना पकडायचे तर कायद्यात हत्यार आहे का? आहे, आणि जुने आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्याच्या १९४८ च्या निकालपत्रात युद्धकैद्यांची जबाबदारी चार प्रकारच्या माणसांवर टाकली आहे: मंत्रिमंडळाचे सदस्य, ज्यांच्या ताब्यात कैदी आहेत त्या फौजांचे सेनापती, कैद्यांच्या देखभालीशी संबंध असलेल्या खात्यांचे अधिकारी आणि प्रत्यक्ष ताबा असलेले. त्याच निकालपत्रातला एक आकडा असा: जर्मनी-इटलीच्या ताब्यातल्या २,३५,४७३ ब्रिटिश-अमेरिकी कैद्यांपैकी ९,३४८ मेले, म्हणजे चार टक्के. जपानच्या ताब्यातल्या १,३२,१३४ पैकी ३५,७५६, म्हणजे सत्तावीस टक्के. एवढा फरक चार-दोन दुष्ट पहारेकऱ्यांमुळे पडत नाही. म्हणूनच जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी कुणावर हात उचलला नव्हता. कैद्यांचे हाल होत असल्याच्या तक्रारी त्यांच्या खात्याकडे येत होत्या आणि त्यांनी पुरेशी चौकशी करवली नाही, हा ठपका. त्या खटल्यातले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सर्वांनाच निर्दोष ठरवले होते, हे भारतीय वाचकाला सांगायला नको. विजेत्यांनीच न्याय द्यायचा याला त्यांचा आक्षेप होता आणि तो आजही खोडून काढण्यासारखा नाही. तरी ही चार पायऱ्यांची यादी आम्हाला उपयोगाची वाटते.

त्याच काळातला फिलिपिन्समधले जपानी सेनापती जनरल यामाशिता यांचा खटला मात्र आम्ही आदर्श मानत नाही. मनिलात त्यांच्या सैन्याने भयंकर अत्याचार केले, पण त्यांचा बऱ्याच तुकड्यांशी संपर्क तुटला होता. त्यांना माहीत होते किंवा कळायला हवे होते, हे नेमके कसे, याची फोड न करताच फाशी झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मर्फी आणि रटलेज या दोन न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदवले ते याचसाठी. सेनापती आहे म्हणून दोषी, हा न्याय नव्हे.

योग्य माप घालून दिले ते युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने १६ नोव्हेंबर १९९८ च्या चेलेबिची खटल्यात. बोस्नियातल्या कोन्यित्सजवळच्या या छावणीत १९९२ मध्ये सर्ब कैद्यांचा छळ झाला होता. न्यायालयाने तीन कसोट्या लावल्या. एक, वरिष्ठ-कनिष्ठ नाते खरोखर होते का, म्हणजे रोखण्याची आणि शिक्षा करण्याची ताकद हातात होती का. खांद्यावरच्या फिती पुरेशा नाहीत. दोन, त्याला माहीत होते का, किंवा चौकशी करावी असे वाटायला लावणारी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली होती का. तीन, रोखण्यासाठी किंवा झाल्यावर शिक्षा करण्यासाठी त्याने हातातले वाजवी उपाय केले का. या कसोट्यांनी एकाच छावणीतल्या माणसांचे निकाल वेगवेगळे लागले. लांजो हा पहारेकरी स्वतःच्या हातांनी केलेल्या कृत्यांसाठी पंधरा वर्षे, उपप्रमुख देलिच वीस वर्षे, छावणीप्रमुख मुचिच सात वर्षे, आणि कमांड हातात असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून देलालिच निर्दोष. अपिलात वर्षांचे आकडे थोडे बदलले, तत्त्व टिकले. मुचिच रात्री छावणीत नसायचा, आणि मारझोड रात्रीच होई. ही गैरहजेरी त्याच्या बाजूने गेली नाही, विरुद्ध गेली. ‘मी तिथे नव्हतो’ हे छावणीप्रमुखाचे उत्तर होऊ शकत नाही.

वाजवी उपाय म्हणजे काय, असे अधिकारी विचारतात. काही अवघड नाही. न सांगता रात्री फेरी मारणे, कोठडीच्या किल्ल्यांची वही ठेवणे, चौकशीआधी आणि चौकशीनंतर डॉक्टरची तपासणी, पहिल्या तक्रारीवर संशयिताची पहाऱ्यावरून बदली, आणि वरच्या कार्यालयाला लेखी अहवाल. तोंडी नव्हे, लेखी. पहारेकऱ्याच्या हातून कैदी मेला किंवा गंभीर जखमी झाला, किंवा तसा संशय असला, तर कलम १२१ नुसार लगेच अधिकृत चौकशी करायची आणि साक्षी घ्यायच्या त्या मुख्यतः इतर कैद्यांच्या. हा शेवटचा भाग सर्रास वगळला जातो.

हुकमाचे काय? ‘वरून सांगितले म्हणून केले’ हा बचाव आपल्याकडे आजही ऐकू येतो. आर्मी ॲक्ट १९५० चे कलम ४१ हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण तो हुकूम कायदेशीर असला तरच. भारतीय न्याय संहितेचे कलम १४, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेचे ७६, वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडणाऱ्या शिपायाचे उदाहरण देते आणि त्याला निर्दोष ठरवते, तेही कायद्याच्या आज्ञेला धरून असेल तरच. १९२१ मध्ये लाइपझिगच्या जर्मन न्यायालयाने लँडोव्हरी कॅसल या इस्पितळ जहाजाच्या जीवरक्षक नावांवर गोळीबार करणाऱ्या पाणबुडीच्या दोन अधिकाऱ्यांना दोषी धरले, कारण तो हुकूम बेकायदा आहे हे कोणालाही उघड दिसत होते. ही कसोटी शिपायालाही झेपणारी आहे. त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पंडित व्हावे लागत नाही. बांधलेल्या माणसाच्या डोक्यात दस्ता घाला, हा हुकूम बेकायदा आहे हे कळायला पुस्तक लागत नाही. जाता जाता: पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्यातल्या फौजेला शरण न जाता मरेपर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही आणि त्याबद्दल पुढे त्यांना सैन्यातून काढून टाकले. त्यांच्याविषयी आपल्याला प्रेम असण्याचे कारण नाही, पण त्या दिवशी कितीतरी घरे वाचली.

आता आपल्या कायद्यातली खरी फट. जिनिव्हा करारांना भारतात शिक्षेचे दात मिळाले ते १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्टने. त्याच्या कलम ३ खाली, करारांनी संरक्षण दिलेल्या माणसाच्या हेतुपुरस्सर हत्येला फाशी किंवा जन्मठेप, आणि छळासारख्या इतर गंभीर उल्लंघनांना चौदा वर्षांपर्यंत कैद. गुन्हेगार कोणत्याही देशाचा असो, गुन्हा भारतात घडो वा बाहेर. कागदावर उत्तम. पण हे कलम गुन्हा करणारा, प्रयत्न करणारा, चिथावणी देणारा आणि करवून घेणारा एवढ्यांनाच पकडते. ज्याने पाहिले आणि मान फिरवली, ज्याला अहवाल मिळाला आणि त्याने तो खणात टाकला, तो या कायद्यात नाही. चेलेबिचीचा मुचिच भारतीय न्यायालयात या कलमाखाली बहुधा सुटला असता. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ८६ आणि ८७ मध्ये ही जबाबदारी स्पष्ट आहे, पण भारत त्यात सामील नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या रोम संविधीचे कलम २८ आणखी स्पष्ट आहे, तिथेही आपण नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही.

दुसरी फट याच १९६० च्या कायद्याच्या कलम १७ ची. सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. म्हणजे ज्याच्यावर कराराच्या कलम १२ ने जबाबदारी टाकली, चावीही त्याच्याच खिशात. याचा निर्वाळाही गोव्याच्याच खटल्यात झाला. मॉन्सिन्योर सेबास्तियांव फ्रान्सिस्को झेवियर दुश रेमेदियुश मोंतेरो यांनी पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले होते. परवान्याशिवाय राहिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांनी नागरिकांसाठीच्या चौथ्या जिनिव्हा कराराचे संरक्षण मागितले. मार्च १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९६० चा कायदा कोणालाही न्यायालयात दाद मागण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही. सरकारने करार पाळण्याची जबाबदारी घेतली आहे, एवढेच. तो खटला नागरिकाचा होता, पण कायदा तोच, म्हणून युद्धकैद्याची गतही तीच.

आर्मी ॲक्टच्या कलम ६४ मध्ये एक चांगली तरतूद आहे. ठाण्याच्या किंवा कूच करणाऱ्या तुकडीच्या प्रमुखाकडे आपल्या माणसाने कुणाला मारल्याची तक्रार आली आणि त्याने भरपाई करवली नाही किंवा वर कळवले नाही, तर तो अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो. अडचण ‘तक्रार आली’ या दोन शब्दांत आहे. भाषा न येणारा, तुटलेल्या हाताचा कैदी कोणाकडे तक्रार करणार? तक्रार करणाऱ्या कैद्याला त्यासाठी शिक्षा करता येत नाही, असे कराराचे कलम ७८ म्हणते. कराराची प्रत कैद्याच्या भाषेत छावणीत लावायची, असे कलम ४१ म्हणते. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात झाल्या तरच कलम ६४ ला अर्थ. शिवाय आर्मी ॲक्टच्याच कलम १२२ मुळे तीन वर्षांनंतर कोर्ट मार्शल भरवता येत नाही. लढाई संपून कैदी मायदेशी जाऊन बोलू लागेपर्यंत ही मुदत सहज उलटते.

‘शत्रू आमच्या माणसांशी कसा वागला ते विसरलात का?’ हा प्रश्न येणारच. विसरलो नाही. मे १९९९ मध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांना पकडण्यात आले आणि ९ जूनला त्यांचे छिन्नविच्छिन्न देह परत मिळाले. त्यांच्या वडिलांना न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. पण कराराच्या कलम १३ ने युद्धकैद्यांवर सूड उगवण्याला मनाई केली आहे, समोरच्याने काहीही केले असले तरी. यामागे भाबडेपणा नाही, व्यवहार आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन यांची रक्ताळलेल्या चेहऱ्याची चित्रफीत पाकिस्तानातून फिरली, तेव्हा जखमी जवानाचे असे प्रदर्शन करणे जिनिव्हा कराराचा भंग आहे, असा आक्षेप भारताने त्याच दिवशी नोंदवला. तो आक्षेप घेण्याचे तोंड आपल्याला राहिले पाहिजे. तेच कलम १३ आपल्या जवानांच्या मोबाईललाही लागू आहे. चित्रण करणारा, पहाऱ्यावर मोबाईल नेऊ देणारा आणि ती फीत कौतुकाने पुढे पाठवणारा अधिकारी, तिघेही त्यात येतात.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार आहेत. खासगी विधेयकासाठी महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते आणि लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास त्यासाठी राखलेले असतात. तिघांपैकी कोणीही १९६० च्या कायद्यात तीन दुरुस्त्या सुचवाव्यात. कलम ३ मध्ये, माहीत असून किंवा कळण्यासारखे असून न रोखणारा आणि शिक्षा न करणारा वरिष्ठ हाही गुन्हेगार ठरेल असे पोटकलम. कलम १७ मध्ये, कैद्याला, त्याच्या निवडलेल्या प्रतिनिधीला किंवा नातेवाइकाला सत्र न्यायालयात तक्रार करता येईल अशी सोय. आणि आर्मी ॲक्टच्या कलम १२२ ची तीन वर्षांची मुदत या गुन्ह्यांना लागू होणार नाही असा अपवाद. त्याचबरोबर फोंड्याच्या छावणीतल्या त्या मारहाणीच्या चौकशीचे आणि शिक्षेचे कागद संरक्षण मंत्रालयाकडे असतील, तर साठ वर्षांनंतर ते खुले करण्याचा प्रश्नही त्यांनी सभागृहात विचारावा. दुरुस्तीचा मसुदा हवा असल्यास आम्ही मराठीत आणि इंग्रजीत लिहून देऊ. कलम ३ मध्ये घालायचा मजकूर चार ओळींचाच आहे.

आपले,
युद्धविषयक कायद्याचे काही अभ्यासक,
फोंडा, गोवा